माजघरातलं वरिष्ठ सभागृह

आमच्या बदलापूरच्या घरात दोन सभागृहं होती. ओटीवर कनिष्ठ आणि माजघरात वरिष्ठ. हे मी थट्टेनं सांगत नाही. ज्यांनी ती स्थापन केली ते माझे सासरे थट्टा करणाऱ्यांतले नव्हतेच.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा देशातल्या पहिल्या निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या. मामंजी मुंबईच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर साहेबांच्या सह्यांसाठी फायली पुढे सरकवल्या आणि रिकामपणी हाती आली ती राज्यघटना. त्या जाड पुस्तकाला त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि पूजा आटोपली की मांडी घालून ते पोथीसारखं वाचत. दिल्लीत दोन्ही सभागृहं बसली तेव्हा त्यांना राहवेना. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की, यापुढे या घरात कुणा एकाची हुकूमशाही चालणार नाही. आजवर ती कुणाची चालत होती, हे विचारायची सोय नव्हती.

ओटीवर तिघं. मामंजी अध्यक्ष, कल्याणला शाळेत शिकवणारे थोरले दीर, आणि हे, म्हणजे माझे यजमान. माजघरात आम्ही चौघी. सासूबाई सभापती, मामंजींची विधवा बहीण आत्याबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी. ओटीवर काही ठरलं की मामंजी त्याला बिल म्हणत आणि ते माजघराकडे पाठवत. आम्ही ते मान्य करायचं, नाहीतर फेरविचाराला परत पाठवायचं. एकमत झालंच नाही, तर सगळ्यांनी एकत्र बसून हात वर करायचे आणि जास्त हात तिकडे निर्णय. राज्यसभा हे नाव तेव्हा अजून आलं नव्हतं. मामंजी वरिष्ठ सभागृह म्हणायचे, तेही इतक्या आदरानं की आपण उगीचच पदर सावरून बसावं.

"कनिष्ठ सभागृह तापतं, वरिष्ठानं थंड डोक्यानं विचार करायचा," ते सांगत. आमच्या थंड डोक्याच्या जागेला एकही खिडकी नव्हती. पलीकडे चूल पेटलेली, धूर येऊन माजघरात कोंडायचा. छपरात काचेचं एक कौल होतं, तेवढाच उजेड. तो चौकोनी कवडसा सकाळी तांदळाच्या कणगीवर असायचा आणि दुपारपर्यंत सरकत सरकत भिंतीशी जायचा. मी लग्नानंतरचे पहिले महिने त्याच्याकडे बघून काढले. माहेरी मी गच्चीवर झोपलेली मुलगी. इथं मला श्वास पुरत नसे, आणि हे कुणाला सांगावं तर सगळ्या त्याच हवेत वर्षानुवर्षं सुखानं भाकऱ्या थापत होत्या.

बिलं येत ती अशी: ओटीला कोणता रंग द्यायचा, परसातला फणस तोडायचा की ठेवायचा, रेडिओ घ्यायचा का. सासूबाई पळीनं पातेल्यावर टोला देत, म्हणजे आमचं कामकाज सुरू, आणि लगेच म्हणत, "बरं." म्हणजे कामकाज संपलं. मामंजी ओटीवरून हिरमुसून म्हणायचे, "अहो, जरा चर्चा तरी करा."

सासूबाईंना चर्चेची गरज कधी पडलीच नव्हती. त्यांची रीत निराळी होती. दुपारचं जेवण झालं की मामंजी आरामखुर्चीत बसत आणि सासूबाई शेजारी पाटावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत. कातरता कातरता चार शब्द बोलत, मामंजींकडे न बघता. विहिरीला कठडा असाच झाला. जाऊबाईंना पहिल्या बाळंतपणाला माहेरी असंच पाठवलं गेलं. माझी पत्रिका म्हणे जुळत नव्हती. एक सुपारी कातरून होईपर्यंत ती जुळली. मामंजींना दर वेळी वाटे की हे आपल्यालाच सुचलं.

पण सभापती झाल्यावर सासूबाईंनी ते सोडून दिलं. मामंजींनीच त्यांना समजावलं होतं की वरिष्ठ सभागृह स्वतंत्र असतं, त्याच्या सभापतीनं अध्यक्षाच्या कानाशी लागणं बरं दिसत नाही. आजवर कुणी त्यांना काय बरं दिसतं आणि काय दिसत नाही, हे इतक्या मानानं सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून सुपारी आधीच कातरून तबकात घालून त्या मामंजींपुढे ठेवत आणि आत निघून येत. अडकित्ता माजघरातल्या खुंटीवर गेला.

दुसऱ्या वर्षी आमचं क्वार्टर निघालं. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होते. रोज सायकलवर जायचे. कामाच्या पाळ्या वाढल्या तशी कारखान्यानं काही जणांना राहायला जागा दिली, त्यांत यांचं नाव आलं. अट एकच होती. आठवड्याच्या आत हो म्हणून कळवायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार.

ओटीवर विषय काढायच्या आधी यांनी मला ती जागा दाखवायला नेलं. कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातून कापड आणायचं निमित्त केलं. अंबरनाथ स्टेशनच्या पश्चिमेला, नव्या चुन्याचा वास येणाऱ्या चाळवजा रांगेत शेवटचं क्वार्टर. दोन खोल्या, पुढं हातभर व्हरांडा, मोरीत नळ. मी नळ सोडला, बंद केला, परत सोडला. "बिघडवशील," हे म्हणाले. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी होती. चांगली मोठी, गज असलेली. तिच्यातून मोरिवलीची भातशेतं दिसत होती, आणि लांब एक बाई बांधावरून डोक्यावर काहीतरी घेऊन चालली होती. मी त्या खिडकीत उभी राहिले आणि यांना म्हटलं, मला हे घर हवं. लग्नानंतर मी पहिल्यांदाच काहीतरी मागत होते. हे म्हणाले, "बघू या, बाबा काय म्हणतात."

तिथून कॅम्प दोनमध्ये गेलो. बरॅकीतल्या एका अर्ध्या खोलीत सिंधी बाईचं कापडाचं दुकान होतं, गोणपाटाच्या पडद्यामागं तिचा संसार. मी पडद्यासाठी हिरवं कापड काढायला सांगितलं, त्यावर पांढरे ठिपके होते. खिडकीचं माप मी वितीनं घेऊन आले होते.

"नया घर लिया, बहन?" तिनं विचारलं.

"अजून नाही. घर में पूछना है."

ती हसली. "घर लेने के लिए घर में पूछना पड़ता है?" मग कापड फाडता फाडता तिचं हसू गेलं. "हमको तो किसी ने पूछा ही नहीं. रहना है कि जाना है, कुछ नहीं पूछा."

मला तिचं वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. तिच्या कमरेला किल्ली होती.

रविवारी ओटीवर विषय निघाला. आठवड्याची मुदत यांनी स्पष्ट सांगितली. थोरले दीर म्हणाले, दोन बिऱ्हाडं झाली की घर फुटतं. मामंजींनी बिल मांडलं: क्वार्टर नाकारण्यात यावं. मी दाराच्या फटीतून बघत होते. थोरल्या दिरांचा हात वर गेला, आणि त्याच्या पाठोपाठ यांचा. माझ्या नवऱ्याचा हात. ज्या हातानं यांनी मला त्या खिडकीचा गज हलवून किती पक्का आहे ते दाखवलं होतं, तोच.

विहिरीवर मी यांना गाठलं. "बाबांसमोर वेगळा हात कसा वर करू?" हे म्हणाले. "तुमचं माजघर आहे ना, तुम्ही परत पाठवा. एकत्र बैठक होईल. तुम्ही चौघी, आम्ही तिघं. आपोआप होईल सगळं." स्वतः काही न करता आपोआप होण्यावर यांचा फार विश्वास होता.

माजघरात सासूबाईंनी पातेल्यावर टोला दिला. 'बरं' म्हणतील म्हणून जाऊबाई उठायच्याच बेतात होत्या. पण सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं आहे गं?"

मी म्हटलं, "मला जायचंय."

मग आत्याबाई म्हणाल्या, भावाला वाटतं जाऊ नये, म्हणजे जाणंच शहाणपणाचं असणार. त्या लहानपणापासून याच हिशेबानं चालत आल्या होत्या. जाऊबाई म्हणाल्या, जा बाई, निदान तुझी खोली मला मिळेल. आणि सासूबाई म्हणाल्या, "मी परकरी पोर होते तेव्हा या लोकांत आले. आधी सासूची चूल, मग थोरल्या जावेची. माझ्या हाती आली तोवर माझे डोळे धुरानं गेलेले. हिला जाऊ दे." त्यांनी पळी पुन्हा आपटली, पातेल्याला पोचाच आला. "परत."

मामंजी उंबऱ्याशी आले. आधी ते हरखलेच. "शाब्बास! याला म्हणतात वरिष्ठ सभागृह!" मग त्यांनी आमच्याकडे बघितलं, मनात चार मोजले, तीन मोजले, आणि पुस्तक उघडून आरामखुर्चीत बसले. दुपारभर ते वाचत होते. चहाच्या वेळी त्यांनी निर्णय दिला. क्वार्टरचं भाडं पगारातून कापलं जाणार, पगार घरात येतो, सबब हे धनविधेयक आहे. पैशाच्या बिलावर वरिष्ठ सभागृहाला मत नसतं. ते फार तर चौदा दिवस ठेवून घेता येतं आणि सोबत शिफारस जोडता येते. एकत्र बैठक नाही. आणि अमुक बिल धनविधेयक आहे की नाही, यावर अध्यक्षांचा शब्द अखेरचा. ओळीवर बोट ठेवून त्यांनी ते वाचून दाखवलं. लबाडी त्यांच्या मनातही नव्हती. म्हणूनच तर भांडायला जागा राहिली नाही.

आजही वर्तमानपत्रात वाद येतात की वरचं सभागृह हवंच कशाला, ते लगाम आहे की नुसता शिक्का. शिकलेली माणसं दोन्हीकडून छान लिहितात. मी वाचते आणि मला तो चहाचा वास येतो. चौघींनी आयुष्यात एकदा एकमतानं नाही म्हटलं होतं, आणि ते नाही कुणी मोडलंसुद्धा नाही. फक्त ते चालत नाही, असं ठरलं.

मामंजी पुस्तक मिटत होते. तेवढ्यात सासूबाईंनी आतून विचारलं, "चौदा दिवस आमच्याकडं राहू शकतं म्हणालात?"

"हो, राहू शकतं."

"आणि ते इथं असेपर्यंत?"

"इथं असेपर्यंत काही हलत नाही," मामंजींनी नियम सांगितला.

"मग राहू दे," सासूबाई म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं.

काही हलत नाही, याचा अर्थ त्यांनी सरळ घेतला. बिल माजघरात आहे तोवर क्वार्टरही जागचं हलणार नाही. कारखान्याच्या साहेबानंही थांबायला हवं, कारण सभागृहाचा विचार चालू आहे. मामंजी रोज सकाळी उंबऱ्यापाशी येऊन विचारत, "सभापती, काय निर्णय?" आणि त्या विळीवरून मान वर न करता म्हणत, "विचार चालू आहे." एवढं बोलणं त्यांना दिवसभर पुरे. चालणं बदललं. आमच्या पंगतीला त्या स्वतःसाठी पाट मांडून घ्यायला लागल्या, एरवी भिंतीला टेकून कसंबसं जेवायच्या. दुपारी माझ्याजवळ येऊन बसत. "पाटा-वरवंटा कुठं ठेवशील? खिडकीखाली ठेव, वाटताना बाहेर बघता येतं. तुळस व्हरांड्यात. नळाला फडकं बांध, पाणी गाळून येतं." त्यांनी क्वार्टर बघितलंही नव्हतं, पण त्या तिथं राहायला लागल्या होत्या.

आणि मुदत चालली होती. मी यांना म्हटलं, उद्या जाऊन हो म्हणून सांगून या, घरातलं नंतर बघू. "बिल अजून आईकडं आहे," हे म्हणाले. "हो कसं सांगू? नाही तरी कसं सांगू?"

मग मी सासूबाईंकडे गेले. त्या कवडशात पाय पसरून तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "सासूबाई, तुम्ही मामंजींशी बोला ना. पूर्वी बोलायचात तसं. सुपारी कातरताना."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, पण दुखावल्या. "असं बाहेरच्या बाहेर नाही गं सांगायचं आता. सभागृहातून सांगायचं. इतकी वर्षं कानाशी लागूनच मिळवलं सगळं, चोरासारखं. आत्ता कुठं ते दाराशी येऊन मला विचारतात."

"पण क्वार्टर थांबणार नाही, सासूबाई. कारखान्यानं आठवडा दिलाय फक्त."

"थांबेल कसं नाही? बिल आपल्याकडे आहे ना?"

मी खुंटीवरच्या अडकित्त्याकडे बघितलं. चार शब्दांचं काम होतं. एका सुपारीचं. ते त्यांना येत होतं, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि आता मान मिळाला म्हणून त्या ते करणार नव्हत्या. मला ओरडावंसं वाटलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण ओरडायचं कुणावर? त्या घरात माझ्या बाजूचं एकच माणूस होतं आणि तेच माझी वाट अडवून बसलं होतं, माझ्यासाठीच. मी सूप उचललं आणि त्यांच्यासोबत तांदूळ निवडायला लागले.

आठवडा संपला त्या संध्याकाळी हे सायकल लावून थेट विहिरीवर आले. मी रहाट ओढत होते. "दिलं त्यांनी पुढच्याला," हे म्हणाले. "सोलापूरकडचा कुणी फिटर आहे, उद्याच सामान आणतोय." यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. हो म्हणायची पाळी आली नाही आणि नाही म्हणायचीही आली नाही. त्या चेहऱ्याचा मला अजून राग आहे. यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तरी आहे.

सासूबाईंकडे चौदांतले निम्म्याहून जास्त दिवस अजून उरले होते. त्यांना कुणी सांगितलं नाही. यांनी नाही, थोरल्या दिरांनी नाही. मामंजींना कळलं होतं, पण तेसुद्धा रोज सकाळी नेमानं उंबऱ्याशी येत राहिले. "सभापती, काय निर्णय?" "विचार चालू आहे." ती दया होती की नियम, मला कधी कळलं नाही. मला तर सांगायचा धीरच नव्हता. दुपारी त्या जवळ बसून विचारायच्या, खिडकीत कुंडी ठेवता येईल का, आणि मी म्हणायचे, येईल.

चौदाव्या दिवशी त्यांनी पातेल्यावर टोला दिला आणि शिफारस सांगितली. "आमच्या सभागृहाचं म्हणणं, मुलांना जाऊ द्यावं." मामंजींनी ती उभं राहून ऐकली. "शिफारस विचारात घेतली. बिल मंजूर," असं म्हणून ते खाली बसले. जाऊबाई माझ्याकडं बघत नव्हत्या.

मला वाटलं होतं, आता सासूबाई मोडून पडतील. पण त्या लगबगीनं माझ्या खोलीत आल्या. ट्रंकेतलं हिरवं कापड त्यांना ठाऊक होतं. "दे ते. आता तिकडं काही लागणार नाही." त्याला दोरी ओवून त्यांनी ते माजघराच्या दाराला लावलं, ओटीच्या बाजूला, आणि मागं सरून बघितलं. त्यांचे डोळे ओले होते, पण त्यांची मान ताठ होती. "आता सभागृहासारखं दिसतं. नाही का? आणि बघ, एक दिवससुद्धा कमी होऊ दिला नाही मी. चौदा म्हणजे चौदा. कुणाची छाती झाली का हलवायची?"

"नाही, सासूबाई," मी म्हटलं.

पुढं एकवीस वर्षं मी त्या पडद्याच्या आत बसले. तो खिडकीच्या मापानं घेतलेला. दाराला निम्माच पुरायचा, आणि खालून ओटीवरच्या लोकांचे पाय दिसायचे.